व्हिटॅमिन सीच्या सिरपमध्ये सोडियम बेंझोएट, चालेल का?

प्रश्न: आईला गोळी गिळवत नाही, म्हणून दोन आठवड्यांपासून सिरप देतेय. काल लेबल वाचलं: सोडियम बेंझोएट (ई २११), पोटॅशियम सॉर्बेट (ई २०२). बंद करू?

उत्तर १: घाबरू नका. पाणी आलं की बुरशी आलीच, म्हणून ही टिकवणारी द्रव्यं (प्रिझर्व्हेटिव्ह) घालतात. दोन्ही आंबट द्रावणातच नीट काम करतात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी) ४.५च्या वर गेला की बेंझोएट ढिलं पडतं.

उत्तर २: मला खटकतं ते वेगळंच. बेंझोएट आणि व्हिटॅमिन सी एकत्र असले की उष्णतेत, उजेडात थोडं बेंझीन (कर्करोगाला कारण ठरू शकणारं रसायन) तयार होऊ शकतं. प्रमाण बहुधा अगदी कमी, तरी बाटली गार, अंधाऱ्या जागी ठेवा. मी तर पावडरच घेते. चव भयंकर!

प्रश्नकर्ती: अरे देवा, बाटली खिडकीतच होती! हलवली कपाटात.