विषय: पुनश्च: तातडीचं – पेटीतलं बाळ आणि मिल्क बँक

मदत गट:
मंडळी, बाळ अजून काचेच्या पेटीतच आहे. आईला दूध पुरत नाही, दवाखाना मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, द्यायचं म्हणतोय आणि घरचे सही करत नाहीयेत. उद्या राउंडच्या आधी समजवायला कोण जाईल? सासूबाईंशी मराठीतच बोलावं लागेल.

नाना:
दूध ते दूध. पाश्चराइज केलेलं असतं. यात सही अडवण्यासारखं काय आहे?

आक्का:
नाना, घरचे मुसलमान आहेत; एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं त्यांच्यात भावंडं धरतात, पुढे त्यांचं लग्न होत नाही. बँकेत चार जणींचं एकत्र केलं की दूधबहीण कोण, हे कळणार कसं? माझ्या शेजारणीने बहिणीच्या मुलाला पाजलं, तर आधी घरभर सांगून ठेवलं.

सचिव:
दवाखान्यातल्या भेटी स्वागत समितीकडे आहेत. शिवाय कुटुंबाची माहिती या ईमेल लिस्टवर नको. मागे दुभाष्यांच्या यादीवरून वाद झाला तेवढा पुरे.

मदत गट:
नाव कुठे दिलंय? आणि समितीतलं फोन उचलतं कोण?

डॉक्टरताई:
त्यांच्यातही यावर दोन मतं आहेत. जेद्दाच्या फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने १९८५ साली मिल्क बँकांना मनाई केली; युरोपच्या फतवा परिषदेने २००४ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी गरजेपुरती मोकळीक दिली. इराणात तबरीझला २०१६ पासून बँक आहे. तेव्हा आपण शहाणपण शिकवू नये, त्यांच्या इमामांना फोन लावून द्यावा. दवाखान्याला विचारा, एकाच दात्रीचं दूध आणि तिची नोंद मिळेल का. पावडरचं दूध त्यांच्या धर्मात चालतं, पण इतक्या लहान बाळाला त्याने आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका वाढतो, हेही सांगा. आणि आईला पंप कोणी दिलाय का? दर दोन-तीन तासांनी काढायला हवं, रात्रीसुद्धा.

नाना:
पावडर गाईच्या दुधाची. मग वासराशी नातं लागत नाही?

आक्का:
नाही लागत. ताई, कानात अजान द्यायची राहिलीय म्हणे. वडिलांना पेटीपाशी सोडतील?

डॉक्टरताई:
नर्सला सांगून ठेवा, हळू आवाजात अजान द्यायला अडचण नसावी. रीतीचा खजूर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाळाच्या तोंडात टाळूला लावू नका. मध तर वर्षभर नकोच.

खजिनदार:
पंप मंडळाच्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे. नळ्या नव्या घ्याव्या लागतील. पावती मदत गटाच्या नावे की स्वागत समितीच्या?