टेक्ससच्या किनाऱ्यावर आरव्हीत (चाकांवरच्या घरात) हिवाळा काढायचाय, कोणी केलंय का?

मिशिगनकर_६६

नमस्कार मंडळी. डेट्रॉइटजवळ राहतो, गेल्या जूनमध्ये निवृत्त झालो. जानेवारीत आमच्याच दारात, डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळ बर्फावर बायको घसरली आणि मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून घरात एकच विषय: पुढचा हिवाळा इथे नाही.

फ्लोरिडाचे भाव बघितले आणि लॅपटॉप मिटला. मग मी म्हटलं, गाडीमागे ओढायचा एक वापरलेला ट्रेलर घेऊ आणि टेक्ससच्या किनाऱ्यावर तीन महिने राहू. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला साधा ग्रिल पेटवता येत नाही." बायकोचे प्रश्न जसेच्या तसे देतो: त्या डब्यात स्वयंपाक कसा करायचा? दिवसभर करायचं काय? आणि ते संडासाच्या टाकीचं काम कोण करणार?

तिसऱ्याचं उत्तर मला ठाऊक आहे. पहिल्या दोनांचं सांगा.

जर्सीचा_पक्या

विकत घेण्याआधी आठवडाभर भाड्याने घेऊन बघा. आम्ही थेट विकत घेतला, दोनदा वापरला. आता तो अंगणात उभा असतो. बायको आधी त्याच्याकडे बघते, मग माझ्याकडे.

कुर्ली_काकू

मी विस्कॉन्सिनची, माहेर मालवणचं. आमचे हे नागपूरचे, म्हणजे समुद्राशी संबंध सहलीपुरता. रॉकपोर्टमधला आमचा हा चौथा हिवाळा. कॉर्पस क्रिस्टीच्या वर, तासाभराच्या आत येतं ते. ट्रेलर २७ फुटी. घरी आमच्या दोघांच्या नुसत्या कपाटांना याहून जास्त जागा लागते.

वहिनींचा पहिला प्रश्न योग्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पहिल्याच दिवशी मी हौसेने आमटीला फोडणी दिली. मिरची तेलात पडली आणि धुराचा अलार्म असा केकाटला की शेजारचा कॅनेडियन आजोबा आग विझवायचं नळकांडं घेऊन दारात हजर. त्याला आमटी वाढली. दुसऱ्या दिवसापासून फोडणी बाहेर. ट्रेलरच्या आडोशाला घडीचं टेबल, त्यावर इंडक्शनची शेगडी. पोळ्या, भात, कुकर सगळं आत चालतं. फक्त तळण, फोडणी आणि मासे बाहेर. मासे आत एकदाच केले होते, पुढे आठवडाभर उशीलासुद्धा वास होता.

विजेचं गणित मात्र लग्नाच्या यादीसारखं पाठ करा. ३० अँपियरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट, संपलं. खोली गरम करायचा छोटा हीटर १,५०० खातो, मायक्रोवेव्ह जवळपास तितकेच, त्यावर इन्स्टंट पॉट लावलात की अंधार. आमच्याकडे अजूनही "हीटर बंद केलास का गं?" हे वाक्य दिवसातून चारदा होतं. महिन्याने राहिलात तर विजेचं बिल बहुतेक ठिकाणी मीटरप्रमाणे वेगळं असतं, ते भाड्यात धरू नका.

वाणसामान येताना ह्यूस्टनच्या हिलक्रॉफ्टवर, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, भरून घ्या, पुढे तेवढी निवड नाही. भाजीची काळजी नको. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लिंबं इथे मुबलक, कारण मेक्सिकन स्वयंपाकालाही तेच लागतं.

आता दिवसभर करायचं काय. ट्रेलर हे झोपायचं ठिकाण आहे, राहायचं नाही. नाश्ता झाला की बाहेर पडायचं, हा आमचा नियम. ज्या दिवशी पाऊस लागतो त्या दिवशी आमचं हटकून भांडण होतं.

सोमवारी बहुधा फेरीबोट. अरॅन्सस पास ते पोर्ट अरॅन्सस ही फेरी सरकारी आहे, चोवीस तास चालते आणि फुकट आहे. गाडीत बसल्या बसल्या दहा मिनिटांच्या आत पलीकडे. बाजूने डॉल्फिन पोहतात आणि आमचे हे दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखे ओरडतात. रॉकपोर्टचं पाणी खाडीचं, उथळ आणि शांत. लाटा बघायच्या तर पलीकडेच जावं लागतं. तिथे बेटावर एक लाकडी पूल बांधलाय, दलदलीवरून जाणारा. खाली सुसर पसरलेली असते आणि वरून आजीबाई दुर्बिणीने बदकं मोजत असतात.

मासळीबद्दल एक गंमत सांगते. आमच्याकडे बोय म्हणजे पाहुणे आले की करायची गोष्ट. इथे तीच बोय, ज्याला हे मुलेट म्हणतात, गळाला आमिष म्हणून लावतात! धक्क्यावर एका माणसाने पाग (फेकायचं जाळं) टाकला, बघते तर पागात चंदेरी बोय तडफडतायत. त्यातली एक त्याने तुकडे करून गळाला लावली आणि मला माहेरच्या माणसाचा अपमान झाल्यासारखं वाटलं. मी मागितल्या तर त्याने चार दिल्या, वर "मांजरासाठी का?" असं विचारलं. तिरफळ नव्हतं, नुसत्या कोकमावर कालवण केलं. दुसऱ्या दिवशी त्यालाच वाटीभर नेऊन दिलं. आता तो आमिष राखून ठेवतो, माझ्यासाठी. स्वतः धरणार असाल तर परवाना काढा आणि नियम वाचा. ऑक्टोबर ते जानेवारी बारा इंचांहून मोठी बोय ठेवता येत नाही.

मित्रमंडळींचं आपोआप होतं, फक्त संध्याकाळी खुर्ची दाराबाहेर टाकून बसायचं. आत बसलात तर कोणी येणार नाही. गुरुवारी आमच्या ट्रेलर पार्कच्या हॉलमध्ये सगळे एकेक पदार्थ आणतात आणि मग मेक्सिकन ट्रेन नावाचा डॉमिनोजचा खेळ चालतो. आमच्या ह्यांना त्याचं इतकं वेड लागलंय की ते स्वप्नात ठोकळे लावतात. संक्रांतीला मी तिळाच्या वड्या वाटल्या आणि "तिळगुळ घ्या, गोड बोला" याचा अर्थ सांगितला. कॅनडातल्या सस्काचेवानची एक बाई घाबरून म्हणाली, "म्हणजे मी आजवर वाईट बोलत होते का?"

ह्या बाईबद्दल आणि इथे येणाऱ्या क्रौंच पक्ष्यांबद्दल सांगायचं आहे, पण आत्ता फेरीला निघालोय. नंतर लिहिते.

मिशिगनकर_६६

काकू, बायकोला वाचून दाखवलं. बोयीच्या ठिकाणी ती स्वतः उठून फोन हातात घेऊन पुढचं वाचायला लागली, ती गुहागरची आहे. आता टाकीचं सांगाच. आणि थंडीचं. टेक्ससमध्ये गोठतं म्हणे?

मिसिसागाचा_नंदू

कॅनडातून जाणारं कोणी वाचत असेल तर दोन गोष्टी. ओंटारिओचा आरोग्य विमा टिकवायला बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात असावं लागतं, आणि तिकडे दवाखान्याचं बिल आलं तर तो विमा फार थोडं देतो, प्रवासी विमा हवाच. दुसरं, दरवर्षी साधारण चार महिन्यांहून जास्त राहिलात तर अमेरिकेचा कर विभाग मागच्या दोन वर्षांचे दिवसही थोडे थोडे धरतो आणि तुम्हाला तिथलाच करदाता मानू शकतो. आपलं घरदार कॅनडातच आहे असं सांगणारा फॉर्म ८८४० भरून ठेवा. मी तीन वर्षं भरला नव्हता, मग कळल्यावर झोप उडाली.

कुर्ली_काकू

नंदू बरोबर बोलतोय. अमेरिकेतल्यांनीही आपली मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) कुठली ते बघा. मूळ मेडिकेअर देशभर चालते, पण खासगी कंपन्यांच्या ॲडव्हान्टेजचे बरेच प्लॅन आपल्या भागातल्याच डॉक्टरांपुरते असतात. आमच्या ह्यांचं पित्ताशय दुखायला लागलं तेव्हा हे शिकलो.

टाकी. दोन असतात: एक धुण्याभांड्याच्या पाण्याची, एक संडासाची. पहिल्या वर्षी आमच्या ह्यांनी, इंजिनिअर आहेत हो, डोकं लढवलं की दोन्हींच्या झडपा उघड्याच ठेवल्या तर काम कायमचं संपेल. पाणी वाहून गेलं, बाकीचं तिथेच बसलं. महिनाभर. जो डोंगर झाला तो फोडायला एक अख्खा रविवार, एक लांब नळी आणि तीन शेजारी लागले. मी लांबच्या बाकावर बसून विणकाम करत होते. तर संडासाची झडप बंद ठेवायची, टाकी दोन तृतीयांश भरली की उघडायची, आणि तिच्यामागून भांड्यांचं पाणी सोडायचं म्हणजे नळी धुऊन निघते. जाड हातमोजे. पाच मिनिटांचं काम आहे, वहिनींना खरंच करावं लागणार नाही.

थंडी. इथे "नॉर्दर", म्हणजे उत्तरेचा गार वारा, येतो. दुपारी हे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलेले असतात, उत्तरेला निळसर काळी पट्टी दिसते, वारा फिरतो आणि तासाभरात स्वेटर, मग कानटोपी. दारावरचं कापडी छत आधी गुंडाळा, नाहीतर ते शेजारच्या पार्कात सापडतं. बहुतेक वेळा दोन दिवसांत ओसरतो. गोठण्याचा इशारा असेल तर बाहेरची पाण्याची नळी काढून ठेवायची आणि आतल्या टाकीतलं पाणी वापरायचं. फेब्रुवारी २०२१च्या थंडीच्या गोष्टी इथले जुने लोक अजून सांगतात. समुद्रातली कासवं गारठून निश्चल झाली होती आणि साउथ पाद्रे बेटावर लोकांनी हजारो कासवं उचलून कन्व्हेन्शन सेंटरच्या फरशीवर ओळीने ठेवली होती.

थंडीपेक्षा मला ओल छळते. खारी हवा, बंद खिडक्या, आत दोन माणसांचे श्वास आणि भाताची वाफ. पहिल्या जानेवारीत गादी उचलली तर खाली काळी बुरशी. आता हवेतली ओल खेचणारं यंत्र रात्रभर चालतं आणि सकाळी त्याचं भांडं बेसिनमध्ये ओतणं हे माझं चहाच्या आधीचं काम.

वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, तेव्हा डिसेंबरात आलेलं उत्तम. ऑगस्ट २०१७मध्ये हार्वे वादळ इथेच धडकलं. तरी गूस आयलंडजवळचा तो हजार वर्षांचा म्हणतात तो ओक उभाच राहिला. आमच्या कुठल्याशा देवराईतून उचलून आणल्यासारखा आहे, फांद्या जमिनीकडे झुकलेल्या.

त्याच्याजवळच, लामारच्या गवताळ जागेत, मी पहिला हूपिंग क्रेन, म्हणजे तो क्रौंच, बघितला. बोटीतून नाही, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून. पाच फूट उंच, पांढराशुभ्र, डोक्यावर लाल. नर, मादी आणि तांबूस डागांचं एक पिल्लू. पुढच्या आठवड्यात बोटीने अरॅन्सस अभयारण्याच्या कडेने गेलो तेव्हा त्यांचं जेवण बघितलं. एकाने चिखलातून कुर्ली उचलली, झटके देऊन डेंगे पाडले, मग उरलेली गिळली. अगदी माझी आजी डेंगे आधी मोडून बाजूला ठेवायची तसं. १९४१ साली इथे हिवाळ्याला आलेले हे पक्षी पंधरा-सोळाच उरले होते. आता पाचशेच्या वर आहेत.

बोटीवर सस्काचेवानची बाई माझ्या शेजारी होती. ते कॅनडाच्या उत्तरेतल्या वुड बफेलोहून निघून अडीच हजार मैल उडत इथे येतात आणि वाटेत तिच्या प्रांतात उतरतात. ती म्हणाली, "ऑक्टोबरात आमच्या गव्हाच्या शेतात दाणे टिपत होते. ते निघाले की आम्ही सामान बांधतो." दुर्बीण तिने मला बराच वेळ दिली नाही.

मिशिगनकर_६६

बायको विचारतेय, जागा कधी धरायची? आणि ट्रेलर किती जुना चालतो?

कुर्ली_काकू

जागा आत्ताच. जुने लोक मार्चमध्ये निघतानाच पुढच्या वर्षीचं सांगून जातात. दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर बरेच पार्क घेत नाहीत, घेण्याआधी फोन करून विचारा. सरकारी उद्यानात स्वस्त पडतं, पण सलग चौदा दिवसांवर राहू देत नाहीत. आणि मिशिगनहून निघताना ट्रेलरच्या नळांत गुलाबी अँटिफ्रीझ (नळ गोठू न देणारं द्रव) तसंच राहू द्या, गोठण्याचा पट्टा ओलांडेपर्यंत पाणी बाटलीतलं वापरा. आम्ही विस्कॉन्सिनमध्येच शहाणपणा करून पाणी भरलं होतं, इलिनॉयमध्ये पाइप फुटला.

पक्या म्हणतो तसं आधी भाड्याने या. फेब्रुवारीत आठवडा काढा. क्रौंच मार्चअखेरपर्यंत असतात, आम्हीही. गुरुवारी पोचलात तर थेट हॉलमध्ये या, डॉमिनोजला चौथा गडी लागतोच.

वहिनी गुहागरच्या आहेत तर घरी चांगलं आमसूल असणारच. अर्धा किलो आणा. माझं संपत आलंय आणि धक्क्यावरचा तो माणूस हल्ली दर आठवड्याला बोय आणून देतोय.