छापील जर्नल बंद केल्यानं खरंच पैसे वाचतात का?

ग्रंथपाल_यवतमाळ: आमच्या तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात यंदा छापील जर्नल बंद करायचा ठराव झाला. प्राचार्य म्हणतात एन-लिस्टचे (कॉलेजांना ऑनलाइन जर्नल देणारी योजना) वर्षाचे 5900 भरले की 6000 च्या वर जर्नल मिळते, मग कागदावर कायले पैसे घालायचे. मला हा हिशोब पटून नाही राह्यला. चार कॉम्प्युटर, नेटचं बिल, यूपीएसची बॅटरी (उन्हाळ्यात लाइन गेली की दहा मिनिटं पण टिकत नाही), हे सगळं वेगळ्या हेडात टाकलं म्हणून खर्च नाही का? अन् एका वर्षी वर्गणी चुकली की हातात काहीच नाही, छापीलचे जुने अंक निदान कपाटात तरी राह्यतात.

कापूसवाला: कपाटात राह्यतात सर, पण कोणासाठी, वाळवीसाठी? बाइंडिंगचा खर्च तुम्ही बरोब्बर गाळला. आमच्या लायब्ररीत एका खंडात बाइंडरनं मधात कोरा कागद टाकला होता, त्याच्यावर पेन्सिलनं "अंक 3 अप्राप्त". एजंटला पत्र पाठवून पाठवून शेवटी असाच बांधला. पैसे मात्र बाराही अंकांचे गेलते.

एमए_पार्ट२: माझं गाव कॉलेजपासून 22 किमी, एसटी सकाळची एकच. घरून मोबाइलवर लॉगिन करून जर्नलमधले पेपर काढतो, त्यासाठी घराच्या धाब्यावर चढा लागते कारण खाली रेंज नाही, पण भेटते. छापील अंक तर घरी नेऊच देत नाही तुम्ही लोक.

नागपूरकर७७: अहो भांडता कायले, वन नेशन वन सबस्क्रिप्शन आली न, सरकारनंच सगळ्यांसाठी ऑनलाइन जर्नलची वर्गणी भरायची योजना. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं मंजूर केली, तीन वर्षांचे 6000 कोटी, 30 प्रकाशक, जवळपास 13000 जर्नल. कॉलेजचा खर्चच संपला.

ग्रंथपाल_यवतमाळ: भाऊ, ती मंजूर झाली केंद्र-राज्य सरकारच्या व्यवस्थापनातल्या संस्थांसाठी, आमचं कॉलेज खाजगी संस्थेचं आहे. अन् मराठीची पोरं युगवाणी मागतात, विदर्भ साहित्य संघाचं नियतकालिक, ते कोणत्या पासवर्डनं उघडू?

कापूसवाला: हे मात्र खरं आहे. मराठीची ठेवा मग, त्यांची वर्गणी असते तरी किती. महागडी इंग्रजी बंद करा.

ग्रंथपाल_यवतमाळ: बाइंडिंगचं मी पण मान्य करतो, अन् धाब्यावरच्या पोराचं तर शंभर टक्के. मराठीची छापील सुरू ठेवा असं उद्या लिहून देतो प्राचार्यांना, सोबत यूपीएसच्या बॅटरीचं बिल पण जोडतो.