सेसनाच्या डाव्या टाकीतच पाणी का येतं? मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्याची, कोपरीला राहते. बाहेरगावी सेसना १७२ एस या छोट्या विमानावर कमर्शियल पायलट लायसन्ससाठी उड्डाणाचे तास भरते आहे, सध्या सुट्टीवर घरी आले आहे.

उड्डाणाआधी आम्ही प्रत्येक ड्रेनमधून (पेट्रोल काढायची खालची छोटी तोटी) कपात पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का बघतो. दोन्ही पंखांखाली पाच-पाच, इंजिनाखाली तीन, असे १३ ड्रेन. रात्रभर पाऊस झाला होता त्या सकाळी डाव्या पंखाच्या कपात निळसर पेट्रोलच्या तळाशी वाटाण्याएवढा थेंब होता. कप हलवला की पाऱ्यासारखा सरकायचा. पुन्हा काढलं, पुन्हा पाणी. उजवीकडे टिपूसही नाही. इन्स्ट्रक्टरनी उड्डाण रद्द केलं, ते मला पटलं. १८० अश्वशक्तीचं एकच इंजिन, ते वर बंद पडलं तर दुसरं नाही.

पण पुढच्या पावसानंतर पुन्हा तेच. विचारलं तर म्हणाले, पावसाळ्यात हवेतली वाफ टाकीत जमतेच. मग ती दोन्हीकडे जमायला नको का? पेट्रोल दोन्ही टाक्यांत जवळपास सारखंच होतं.

काल बाबांची स्कूटर पाण्यामुळे बंद पडली म्हणून नौपाड्यात मेकॅनिककडे गेलो. त्याने इंजिनाला हात न लावता टाकीचं झाकण उघडलं आणि रबरी वायसर नखाने दाबून दाखवलं. चपटं झालेलं, कडेला भेगा. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. पंखातल्या टाकीच्या झाकणाचं वायसर शिकणाऱ्यांनी बघायचं असतं का? त्यात काय बघायचं?

ऐरोलीकर : बघायचंच. शिडी लावून वर चढ. झाकणाभोवती पाणी साचलं असेल तर आधी फडक्याने टिप, नाहीतर उघडताना तूच ते आत सोडशील. वायसर कडक किंवा चिरलेलं दिसलं तर स्नॅग (विमानातल्या बिघाडाची नोंद) लिहून दे, तोंडी सांगू नकोस. बदलणं इंजिनिअरचं काम. पाणी आलं की पंख हळूच हलवायचे, शेपूट खाली दाबायची आणि सगळ्या ड्रेनमधून परत काढायचं, म्हणजे कोपऱ्यात अडकलेलं पाणी खाली येतं. तरीही येत राहिलं तर उडायचं नाही.

आणि कपात नुसतं पाणीच आलं तर दोन थर दिसत नाहीत. सगळं एकसारखं स्वच्छ दिसतं, तिथे भले भले फसतात. कप पांढऱ्या कागदासमोर धर. पेट्रोलचा निळा रंग दिसलाच पाहिजे.

धागाकर्ती : काका, मनापासून आभार. आम्ही सगळे कप आभाळाकडे धरून बघतो. ऊन असलं की पाणीसुद्धा निळंच दिसत असणार. सोमवारी जाताना पांढरे कागद घेऊन जाते, बॅचमधल्या सगळ्यांना पुरतील एवढे.