मदत हवी आहे: प्रॉक्सी फिरवूनही ४०३ येतोय

निफाडकर_९ (धागाकर्ता)
पायथनमधून एका खासगी साइटवरचे कांदा-टोमॅटोचे रोजचे बाजारभाव उतरवून घेतोय. थोडी पानं येतात, मग ४०३ (साइटने नकार दिल्याचा कोड). म्हणून ४० प्रॉक्सी (आपल्या वतीने विनंती पाठवणारे मधले सर्व्हर) विकत घेतल्या, दर विनंतीला यादीतली कुठलीही एक उचलतो. तरी तेच. आता घरच्या ब्राउझरमध्येही साइट उघडेना. शुक्रवारपर्यंत काम द्यायचंय. कोणती प्रॉक्सी सेवा चांगली, तेवढं सांगा.

पोर्ट_८०८०
सेवेचं नंतर बघू. साइट एचटीटीपीएस आहे का? पानं किती, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) किती? आणि प्रॉक्सी ज्या ओळीत देताय ती ओळ इथे टाका. घरचा ब्राउझरही अडवला असेल तर विनंत्या प्रॉक्सीतून जातच नसाव्यात.

गोदाकाठ
डेटासेंटरच्या प्रॉक्सी दिसतात. ते आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) होस्टिंग कंपन्यांच्या नावावर नोंदलेले असतात, त्यामुळे एका नियमात अख्खा पट्टा बंद करता येतो. रेसिडेन्शियल (घरगुती कनेक्शनच्या आयपीच्या) घ्या, स्टिकी सेशन (तोच आयपी टिकण्याचा वेळ) १० मिनिटांचं ठेवा. प्रश्न मिटला.

सावकाश_पण_रोज
गोदाकाठ, रेसिडेन्शियलचं बिल जीबीवर लागतं आणि त्यांनी पानांचा आकारही सांगितलेला नाही. शिवाय असे बरेच आयपी फुकट ॲपमधून सामान्य लोकांच्या फोनवरून येतात, त्या लोकांना पत्ताही नसतो. पुरवठादार संमती कशी घेतो हे तपासल्याशिवाय मी तरी कुणाला सुचवणार नाही.

निफाडकर_९
हो, एचटीटीपीएस. पानं १२०० च्या आसपास, थ्रेड २०. रिक्वेस्ट्स या पायथन लायब्ररीचं एकच सेशन (कुकी आणि जोडणी टिकवणारं) आहे. प्रॉक्सीजच्या डिक्शनरीत 'एचटीटीपी' या कीसमोर प्रॉक्सीचा पत्ता दिलाय. बाकी काही नाही.

पोर्ट_८०८०
इथेच आहे गोम. पत्ता एचटीटीपीएसचा असला की रिक्वेस्ट्स 'एचटीटीपीएस' ही की शोधतं. ती नसेल तर कसलीही तक्रार न करता थेट तुमच्या घरच्या आयपीवरून जातं. दोन्ही की द्या. मात्र दोन्हींसमोरच्या प्रॉक्सीच्या पत्त्याची सुरुवात एचटीटीपीनेच करा. तिथे एचटीटीपीएस लिहिलं तर यूआरएललिब३ ची (रिक्वेस्ट्स आतून वापरतं ती लायब्ररी) १.२६ पासूनची आवृत्ती प्रॉक्सीशीच टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) बोलायला जाते, आणि साधी प्रॉक्सी असेल तर 'राँग व्हर्जन नंबर' येतो. बदल केल्यावर आधी एचटीटीपीबिन या चाचणीच्या साइटचं आयपी दाखवणारं पान पाच वेळा मागवून छापा. आयपी बदलताना दिसल्याशिवाय खऱ्या साइटला हात लावू नका.

कोड_कट्टा
एसएसएलची चूक आली तर व्हेरिफाय फॉल्स करा, लगेच चालतं.

पोर्ट_८०८०
कृपया हे करू नका. प्रमाणपत्र तपासणं बंद केलं की मधला प्रॉक्सीवाला पानातला मजकूर वाचू शकतो आणि बदलूही शकतो. भाव गोळा करताना आकडे मध्येच बदलले गेले तर कळणारसुद्धा नाही. फुकटच्या याद्यांमधल्या प्रॉक्सीवर हा धोका सगळ्यात जास्त.

शिवार_डेटा
थोडं विषयांतर. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत 'फ्रॉम वेब' निवडून तक्ता थेट ओढता येतो, कोड लागत नाही. आणि मोडल भावाला सरासरी समजू नका. जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो मोडल.

निफाडकर_९
एक्सेल नको, डेटाबेसमध्ये हवंय. की घातली, आयपी बदलतोय. पण आता पहिल्याच विनंतीला ४०३! हे तर आधीपेक्षा वाईट.

पोर्ट_८०८०
वाईट नाही, आता खरं कारण शोधता येईल. त्यातलीच एक प्रॉक्सी फायरफॉक्समध्ये हाताने भरा आणि तेच पान उघडा. उघडलं, तर आयपी ठीक आणि अडचण तुमच्या विनंतीत आहे. नाही उघडलं, तर पट्टाच बंद आहे.

विनंतीत असेल तर दोन गोष्टी. यूजर-एजंट (विनंती कोण करतंय ते सांगणारं हेडर) बदलला नसेल तर रिक्वेस्ट्स 'पायथन-रिक्वेस्ट्स' असं नाव स्वतःहून सांगतं. आणि तिथे क्रोम लिहिलं तरी टीएलएसच्या हँडशेकमधला सायफरांचा (एन्क्रिप्शनच्या पद्धतींचा) क्रम पायथनचाच राहतो (जेए३ ठसा म्हणतात तो अशाच तपशिलांवरून काढतात). अशी विसंगती चटकन पकडली जाते. कर्ल_सीएफएफआय ही लायब्ररी वापरून इम्पर्सोनेटमध्ये क्रोम द्या, ठसा जुळतो.

सेशनही सुधारा. एकच कुकी ४० आयपींवरून आली की संशय येणारच. एका प्रॉक्सीला एक सेशन. पुढे कधी फिरतं गेटवे (दर जोडणीला आयपी बदलून देणारा एकच पत्ता) घेतलंत तर उलट काळजी घ्या: सेशनने बोगदा (प्रॉक्सीतून गेलेली जोडणी) उघडा ठेवला की आयपी फिरतच नाही.

निफाडकर_९
फायरफॉक्समध्ये एकाही प्रॉक्सीतून उघडलं नाही. सगळ्या आयपींचे पहिले तीन आकडे सारखेच आहेत.

गोदाकाठ
म्हणजे सगळे एकाच /२४ मधले (२५६ पत्त्यांचा एक पट्टा). मी आधीच म्हटलं होतं.

सावकाश_पण_रोज
निदान बरोबर, उपाय तरीही नको. १२०० पानं, ३ सेकंदाला एक, म्हणजे १ तास. एवढ्याला प्रॉक्सी कशाला? २० थ्रेडच्या माऱ्यामुळे घरचा आयपी अडवला गेलाय. तो सुटेपर्यंत थांबा, मग एकच थ्रेड चालवा आणि मध्ये २ ते ५ सेकंदांचा अनियमित विराम घ्या. ४२९ (फार विनंत्या झाल्याचा कोड) आला तर रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये दिलेले सेकंद थांबा, हेडर नसेल तर ३०, ६०, १२० असं वाढवत जा. ४०३ वर लगेच पुन्हा मागू नका, त्याने बंदी लांबू शकते. आलेलं एचटीएमएल जसंच्या तसं डिस्कवर ठेवा, म्हणजे पार्सर (पानातून आकडे काढणारा कोड) बदलला तरी साइटकडे परत जावं लागत नाही.

आणि त्याआधी रोबॉट्स डॉट टीएक्सटी (बॉटनी काय उतरवू नये ते सांगणारी साइटची फाइल) आणि अटी वाचा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय डेटा उतरवून घेण्याचाही उल्लेख आहे. काम दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर हे त्यांनाही सांगा.

शिवार_डेटा
रोजचे भावच हवेत तर डेटा डॉट गव्ह डॉट इनवर सरकारी एपीआय (कोडमधून डेटा मागवायची सोय) आहे, ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभाव पोर्टलचे भाव देतो. नोंदणी करून स्वतःची एपीआय की घ्या, नमुन्याच्या कीवर एका वेळी १० च नोंदी मिळतात. किमान, कमाल, मोडल, तिन्ही भाव प्रति क्विंटल येतात.

निफाडकर_९
हे आधी का नाही सांगितलं कुणी! लासलगाव शोधल्यावर कमी नोंदी येतायत पण.

शिवार_डेटा
लासलगाव, लासलगाव(निफाड) आणि लासलगाव(विंचूर) अशी तीन वेगळी नावं आहेत. फिल्टर हुबेहूब नाव जुळवतो, तिन्ही वेगवेगळी मागवा. चालू भावांच्या संचात त्या दिवसाचंच मिळतं, तेव्हा रोज संध्याकाळी चालवून साठवत जा.