विचारा, पण मॅच चालू असताना नको

एका पालकांनी विचारलंय, मुलगी रोज खो-खोच्या सरावाला जाते, तरी मॅचला बाहेर बसवतात. सरांना जाब विचारायचा का? विचारा की. फक्त रेषेबाहेरून ओरडून नको, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे दोघांनी 'अगदी बरोबर' लिहिलं की सर बोलायचेच बंद होतात.

'तिला का घेत नाही?' यापेक्षा 'तिचं कुठे कमी पडतंय?' असं विचारलं तर काहीतरी हाती लागतं. उदाहरणार्थ, आक्रमण करताना, म्हणजे पाठलाग करताना, एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत उलट फिरता येत नाही. शर्यतीत पहिली येणारी मुलगी नेमकी तिथेच फाउल करते, आणि बाहेर बसलेल्या आपल्याला दिसतो तो फक्त तिचा वेग. सरांना कळतं, पण ते सांगत नाहीत, हे मात्र चूकच. शालेय स्पर्धांसाठी जन्मतारखेचे कागद मागवतात, तेव्हाच पालकांना निवड कशी होते ते सांगायला काय हरकत आहे? (पीटीच्या सरांच्या गळ्यात शाळेची निम्मी कामं असतात, मान्य.)

मुलगी सातवी-आठवीत असेल तर आधी तिलाच विचारू द्या. सर खेळाडूला जितकं तोंडावर सांगतात, तितकं आपल्याला सांगत नाहीत.