हळदीला साइड इफेक्ट नसतो म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर (सांगली-मिरजकरांनी वाचाच)

मिरजेचा मेडिकलवाला:
परवापासून आपल्या सांगलीच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. म्हणे इंग्रजी औषधं म्हणजे शंभर वर्षांची केमिकलं, झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो, रोज चमचाभर सांगलीची हळद खा आणि गोळ्या बंद करा. ते शेवटचे तीन शब्द वाचून डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय.

झाडाला साइड इफेक्ट नसतो ना? मग दारातल्या कण्हेरीचा पाला खाऊन दाखवा. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बिया पोटात गेल्या की हृदयाचे ठोके कसे बिघडतात ते मिरजेत कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. त्याच कुळातलं द्रव्य डिजिटॅलिसच्या झाडात असतं. इंग्लंडमध्ये एक बाई अंगावरची सूज उतरवायला काढा द्यायची, त्यात वीसेक वनस्पती. तिथल्या डॉक्टर विल्यम विदरिंगनं त्यातली काम करणारी एकच ओळखली, ती हीच डिजिटॅलिस, आणि १७८५ मध्ये १६३ पेशंटच्या नोंदी छापल्या, फसलेल्या केससकट. किती द्यायचं आणि कुठं थांबायचं, सगळा जीव त्यात.

आमच्या काउंटरवर एक आजोबा यायचे. डिगॉक्सिन ०.२५, डिजिटॅलिसपासूनचीच हृदयाची गोळी, आठवड्यात पाच दिवस घ्यायची, दोन दिवस सुट्टी. गावात कुणीतरी सांगितलं सुट्टी कशाला, रोज घ्या, आणि लघवीची गोळीपण यांनी आपल्या मनानं वाढवली. एके दिवशी म्हणाले, जेवण जात नाही आणि तुमची ट्यूबलाइट पिवळी का दिसतेय? मी गोळी दिलीच नाही, रिक्षात बसवून थेट डॉक्टरांकडं पाठवलं. हे औषध शरीरातून निम्मं जायलाच दीडेक दिवस लागतो, म्हाताऱ्या किडनीला त्याहून जास्त. रोजच्या रोज साठत जातं, आणि लघवीच्या गोळीनं पोटॅशियम उतरलं की विष जास्तच चढतं. झाडातूनच आलेलं औषध आहे हे.

डिग्रजचा हळदवाला:
दादा, तुम्ही कण्हेर आणि हळद एका पंगतीला बसवताय. हळद आम्ही पिढ्यान्पिढ्या खातोय. आणि हिच्यात काही नसतं तर १९९५ ला अमेरिकेनं जखमेवरच्या हळदीचं पेटंट कशाला दिलं असतं? माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं भांडून १९९७ ला ते रद्द करायला लावलं. आमचं ज्ञान चोरायचं आणि वर आम्हालाच अडाणी म्हणायचं.

तासगावकर:
चोरीचंच बोलताय तर सर्पगंधा या औषधी झाडाचं उदाहरण घ्या. आपल्याकडं वेडावर आणि झोपेसाठी तिची मुळी देत होतेच. १९३१ ला सेन आणि बोस यांनी बीपी उतरतं म्हणून लिहिलं, १९४९ ला मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी ब्रिटिश जर्नलमध्ये छापलं, तेव्हा कुठं जगाचं लक्ष गेलं. मग १९५२ ला स्विस कंपनीनं मुळीतलं काम करणारं द्रव्य, रेसरपिन, वेगळं काढलं आणि माल त्यांचा झाला.

मिरजेचा मेडिकलवाला:
श्रेय आपल्या लोकांना कमी मिळालं, ते मान्य. पण मुळीत द्रव्य किती हे जमिनीवर, हंगामावर ठरतं, एकाला चिमूटभर पुरते तर दुसरा आडवा होतो. जर्मनीच्या सर्टर्नर नावाच्या औषधवाल्यानं अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं त्याचा खरा फायदा हाच, मोजून देता यायला लागलं. आणि रेसरपिन जास्त झालं की माणसं उदास होतात हेही मोजून द्यायला लागल्यावरच नीट लक्षात आलं.

विट्याची सूनबाई:
तुम्ही पेटंटवर भांडत बसा, आमच्या घरातलं ऐका. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, आठवडी बाजारातनं एकानं 'देशी पुडी' दिली. काय जादू झाली म्हणून सांगू, पंधरवड्यात जिना चढायला लागल्या. मग तोंड चंद्रासारखं गोल झालं, शुगर वाढली. घाबरून आम्ही पुडी एकदम बंद केली तर बाई उठेनात, बीपी खाली, ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले पुडीत स्टेरॉइड कालवलेलं होतं, बाहेरनं मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, एकदम तोडायचं नसतं. पुडीवर पानाफुलांचं चित्र होतं. डोस नाही, नाव नाही, काही नाही.

तासगावकर:
ताई, हा भेसळीचा गुन्हा आहे, आयुर्वेदाचा नाही. आणि मेडिकलवाल्यांनी जास्त बोलू नये, दोन गोळ्या मागितल्या तर अख्खी स्ट्रिप गळ्यात मारता. जेनेरिक आहे का विचारलं की तोंड फिरवता.

मिरजेचा मेडिकलवाला:
स्ट्रिप कापली तर तारीख आणि बॅच नंबर उरलेल्या तुकड्यावर राहत नाही. जेनेरिक मागा, मी देतो. विषय बदलू नका.

वैद्य, वाळवा:
मी स्वतः आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते आणि ती पोस्ट वाचून मलाही संताप आला. साइड इफेक्ट नसतो असं आमच्या कुठल्या ग्रंथात लिहिलंय? चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहे की नीट योजलं तर जहाल विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधही विष होतं. युरोपातला वैद्य पॅरासेल्सस सोळाव्या शतकात मात्रेबद्दल तेच म्हणाला. बचनाग ही विषारी मुळी आम्ही शोधन केल्याशिवाय, म्हणजे तिचं विष उतरवल्याशिवाय, वापरत नाही, ते काय उगाच? मात्र मेडिकलवाल्या दादांनी सगळ्या काढ्यांना एका माळेत ओवू नये.

डिग्रजचा हळदवाला:
चला, ताई म्हणतात म्हणून मात्रा मान्य. पण हळदीचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. आम्ही कुकरला हळद शिजवतो, उन्हात वाळवतो, पॉलिश करतो, सौद्याला यार्डात नेतो. २००५ च्या पुरात हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, गेली, २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, भावाचं मात्र कधी जमतं कधी नाही. वर भुकटीत मेटॅनिल यलो हा कारखान्यातला पिवळा रंग कालवणारे बाजारात आहेतच, नाव खराब होतं आमचं. आणि मग कुणीतरी कॅप्सूल करून दहापट किमतीला विकतो. माझे वडीलपण प्रदर्शनातनं आणलेली तीच कॅप्सूल घेतात, मिरीचा अर्क घातलेली, त्यांना तर बरं वाटतंय.

मिरजेचा मेडिकलवाला:
वरणातली हळद खुशाल खा, तिच्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही. करक्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, पोटातून रक्तात जातच नाही फारसं, जे जातं त्याचं रूप आतडं आणि लिव्हर लगेच बदलतात आणि ते बाहेर काढतात. म्हणून मिरीतलं पिपरिन घालतात. बंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासात त्यानं रक्तातलं प्रमाण वीसेक पट वाढलं. पण पिपरिन लिव्हरचं तेच काम अडवतं, मग बाकीच्या गोळ्याही साठू शकतात. वडील अजून काय घेतात?

डिग्रजचा हळदवाला:
हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय. रक्त पातळ करायची गोळी कायमची आहे, वॉरफरिन.

मिरजेचा मेडिकलवाला:
कॅप्सूल आजच थांबवा. वॉरफरिन मात्र तुमच्या मनानं सोडू नका, व्हॉल्व्हवर गुठळी होईल. न्यूझीलंडच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये इशारा दिला होता, वॉरफरिनवरच्या एका पेशंटनं हळदीचं प्रॉडक्ट सुरू केल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, १० च्या वर गेला. व्हॉल्व्हवाल्यांचा साधारण अडीच-तीनच्या आसपास ठेवतात. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, असं काही दिसतंय का?

डिग्रजचा हळदवाला:
दाढी करताना कापलं तर लवकर थांबत नाही म्हणत होते. आम्ही म्हटलं, गोळीमुळं असेल.

वैद्य, वाळवा:
भाऊ, उद्याची वाट बघू नका. आजच आयएनआर करा, आणि कॅप्सूलची बाटली डॉक्टरांना दाखवा.

डिग्रजचा हळदवाला:
निघालोय मिरजेला, बाटली घेतलीय. पण पेटंटचं मी म्हणालो ते खरंच आहे, त्यावर माझं मत बदलणार नाही.